वारा सुटला काय?

रात्री पावणेदोनच्या सुमारास मी बिल्ड लावलं. आमची अर्धी टीम अमेरिकेत आहे. त्यांचा दिवस मावळायच्या आत बदल पोचवायचे, तर माझी रात्र जागी असते. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या हजारो फाइल्समधून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं. ती वीस-बावीस मिनिटं प्रोसेसरचे आठही कोअर घाण्याला जुंपलेले असतात. कॅबिनेटमधले पंखे आधी कुजबुजले, मग अर्ध्या मिनिटात हूऽऽ करत चढले. मी हेडफोन लावले आणि कामाला लागलो.

थोड्या वेळाने पडवीच्या फळ्यांच्या फटींतून उजेड दिसला. मागच्या दाराचा अडसर सरकला होता. मी बाहेर गेलो, तर बाबा मागीलदारी उभे. हातात बॅटरी, तिचा झोत पोफळींच्या शेंड्यांवर.

"वारा सुटला काय रे?"

पानही हलत नव्हतं. सुरूच्या बनापलीकडून समुद्राची नेहमीची गाज तेवढी येत होती. "नाही हो बाबा, काही नाही. झोपा तुम्ही," म्हटलं. ते आणखी मिनिटभर वर बघत राहिले, मग आत गेले.

त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. आई सकाळी चहा गाळताना म्हणाली, "तू इथे राहिलास की त्यांना बरं वाटतं. पण तू आल्यापासून रात्री जास्त उठतात. का कोण जाणे."

मला का ते कळलं, कारण माझ्याकडे लॉग होते. प्रोसेसरचं तापमान आणि पंख्यांचा वेग मी सवयीने नोंदवून ठेवतो. पुढचे पंधरा दिवस बाबा कधी उठतात तेही लिहून ठेवलं. अकरा वेळा उठले. त्यातल्या नऊ वेळा बिल्ड सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

*

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मी पुण्यात होतो. नवी नोकरी, लॉकडाऊन, तिघांत एक फ्लॅट. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे अलिबागच्या दक्षिणेला, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळाने किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. त्या पट्ट्यातच दिवेआगर आहे. सकाळी आईशी बोलणं झालं आणि मग फोन लागेना. तीन दिवस लागला नाही.

नंतर कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. कौलं पत्त्यांसारखी उडाली. मागच्या दाराचा अडसर निखळायला लागला, तेव्हा बाबा दाराला पाठ लावून बसले ते दोन तास उठले नाहीत. वारा थांबल्यावर दार उघडलं, तर वाडी नव्हतीच. पोफळी मधोमध मोडून आडव्या पडलेल्या, काही मुळासकट. पोफळ लावली तर पीक धरायला पाच-सहा वर्षं जातात, आणि आमच्यातल्या बऱ्याच आजोबांच्या हातच्या होत्या. वीज आमच्याकडे यायला महिना उलटून गेला.

पुढे कौलांच्या जागी पत्रे आले, नवी रोपं लागली, आणि कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली तेव्हा मी डेस्कटॉपसकट घरी आलो. तो वारा आला तेव्हा मी तिथे नव्हतो, हे मला कुणी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्याचा आवाज मी ऐकलेला नाही आणि बाबांनी ऐकला आहे, एवढा फरक आमच्यात आहेच. आणि आता तोच आवाज मी दर रात्री माजघराच्या भिंतीला टेकून तयार करत होतो.

*

हे कॅबिनेट मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला लॅमिंग्टन रोडवरून घेतलं होतं, दिसण्यावर भाळून. समोर अखंड काळी काच, तिच्यामागे तीन रंगीत पंखे. त्या काचेमुळे पंख्यांना हवा मिळणार कुठून, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. बाजूला बोटभर फट होती, तीच त्यांची नाकपुडी.

पहिला उपाय मी सगळेच करतात तो केला. आवाज येतोय ना, मग कोंडून टाका. कॅबिनेट भिंतीतल्या फडताळात ठेवलं, दार ओढून घेतलं, फटीत गोधडी कोंबली. दहा मिनिटं मस्त शांत. मग फडताळातली हवा तापली, पंखे तीच हवा पुन्हा पुन्हा ओढू लागले, प्रोसेसर ९७ अंशांवर गेला आणि स्वतःला वाचवायला त्याने वेग कमी केला. पंखे पूर्ण वेगाने ओरडायला लागले, ते गोधडीतूनही ऐकू येत होतं. बिल्ड बावीसऐवजी एकतीस मिनिटं चाललं. म्हणजे आवाज जास्त, आणि जास्त वेळ.

या चुकीचा इतिहास मोठा आहे. १९८० मध्ये ॲपलने 'ॲपल थ्री' आणला. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज नको होता, म्हणून त्यात पंखाच नव्हता. मशीन तापायचं, चिप्स सॉकेटमध्ये सैल व्हायच्या. मग ग्राहकांना सल्ला मिळायचा की मशीन दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडून द्या, चिप्स पुन्हा बसतील! शांतता हवी म्हणून वाट बंद केली की उष्णता दुसरीकडून भांडण काढते.

पंख्याचं गणित उलटं आहे. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो. दहा डेसिबल कमी झाले की माणसाच्या कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, म्हणजे पंधरा ही चैन आहे. उलट, सारख्या आवाजाचा आणखी एक पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. थोडक्यात, एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन मोठे पंखे सावकाश फिरवावेत, आणि त्यांच्या वाटेत काही ठेवू नये. शांतता मिळवायची तर कॅबिनेट बंद करायचं नसतं, उघडायचं असतं.

*

हवा कुठून येते आणि कुठे जाते हे बघायला मी उदबत्ती घेतली. दुपारी पंखे चालू ठेवून धूर कॅबिनेटच्या कडेकडेने फिरवत बसलो होतो. बाबा दारात येऊन थांबले.

"पूजा करतोस काय कम्प्युटरची? खंडेनवमी लांब आहे अजून."

मी त्यांना दाखवलं. मागून बाहेर पडलेला गरम धूर भिंतीला आपटून, बाजूने वळून, पुढच्या फटीतून परत आत शिरत होता. मशीन स्वतःचाच उच्छ्वास घेत होतं. ते उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. हे कशासाठी चाललंय ते मी सांगितलं नव्हतं. "आवाज कमी करायचाय," एवढंच म्हटलं.

"गरम हवा वर जाते ना? मग वर भोक पाड."

मी सांगून पाहिलं, की चूल आणि धुराडं वेगळं. इतक्या बुटक्या खोक्यात हवेचं आपसूक वर जाणं फारच क्षीण असतं, लहानसा पंखाही ते सहज उलटवतो. पण बाबांनी पत्रे बसवताना घेतलेली कात्री आणून ठेवली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काम दिसत होतं. म्हटलं, चला. छताला पुढच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे भोक पाडलं आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला.

पुन्हा उदबत्ती. समोरून आलेला थंड हवेचा पट्टा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच सरळ वर वळला आणि नव्या भोकातून निघून गेला. तापमान दोन अंशांनी वाढलं! बाबांनी धूर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, हसले, आणि स्वयंपाकघराच्या कामातून उरलेला सनमायकाचा तुकडा शोधून आणला. 'बाबांचं भोक' अजून त्याखाली आहे.

त्यांना मी सांगितलं की दिशा चुकणारे आपण पहिले नाही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना ठरवली, आजचे बहुतेक डेस्कटॉप तिचेच वंशज आहेत. तिच्यात सुरुवातीला एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर फुंकेल अशी कल्पना होती. म्हणजे एसएमपीएसच्या पोटातून गरम होऊन आलेली हवा प्रोसेसरच्या अंगावर. पुढे ती दिशा उलटी झाली. "मग ठीक आहे," बाबा म्हणाले.

*

खरं काम पुढच्या बाजूला होतं. काच काढून नुसतं चालवलं, तेवढ्यानेच तापमान तेरा अंशांनी उतरलं. पण काचेमागे आणखी एक पत्रा होता, षटकोनी भोकांचा. दिसायला जाळी, पण निम्म्याहून जास्त लोखंडच. मागच्या पंख्यासमोरही तसाच. हवा अशा भोकांतून जाताना नुसती अडत नाही, शीळही घालते.

तुम्ही हे करणार असाल तर एक गोष्ट आधी: मदरबोर्डपासून शेवटच्या वायरपर्यंत सगळं बाहेर काढा. लोखंडाचा एक कीस बोर्डावर राहिला तर तो कधी शॉर्ट करेल सांगता येत नाही. आम्ही रिकामा सांगाडा बोर्ली पंचतनला खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्याकडे नेला. त्याने ग्राइंडरने दोन मोठे गोल कापून दिले आणि "यात काय ठेवणार, कोंबड्या?" असं विचारलं. कडा घरी येऊन बाबांनी कानशीने घासल्या, मग पॉलिश पेपर, मग लगेच रेड ऑक्साइड. लगेच, कारण आमच्याकडे उघडं लोखंड वाट बघत नाही. रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस झाक येते.

किनाऱ्यावरच्या कॅबिनेटचं हे वेगळं दुखणं आहे, आणि पुण्या-मुंबईत बनवलेले व्हिडिओ बघून ते कळत नाही. हवेत मीठ असतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात मिठाची बरणी बघा. तोच थर बोर्डावर बसला की धूळ नुसती धूळ राहत नाही, गंज धरणारा चिखल होते. म्हणून आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवायची. मग बारीकसारीक फटींतून हवा बाहेर पडते, धूळ आत शिरत नाही. आत यायची वाट एकच, आणि तिच्यावर जाळी. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवायचं नाही. थोडं तापलेलं खोकं आतून कोरडं राहतं.

जाळी म्हणून आईच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. विकतची बारीक फिल्टरची जाळी धूळ जास्त अडवते, पण हवाही अडवते, मग पंखे पळवावे लागतात. मच्छरदाणी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुतली की पुरते. पुढे १४० मिलिमीटरचे दोन पंखे, मागे १२० चा एक. रंगीत दिवे नाहीत. पंखा थेट पत्र्याला स्क्रूने आवळला की पत्रा ढोलकीसारखा बोलतो, म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. आणि कॅबिनेट भिंतीपासून दीड फूट पुढे, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब.

शेवटी एक गोष्ट, जिला पैसे पडत नाहीत. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरला वीज किती खायची याची मर्यादा घातली. शेवटच्या काही टक्के वेगासाठी तो वेड्यासारखी वीज खातो आणि तितकाच तापतो. मर्यादेनंतर बिल्ड बावीसऐवजी चोवीस मिनिटांत व्हायला लागलं. दोन मिनिटं मी देऊ शकतो.

खोलीत ३१ अंश असताना पूर्ण भारावर प्रोसेसर ७९ वर थांबला. पुढचे पंखे, जे आधी पंधराशेच्या वर पळायचे, ते जास्तीत जास्त नऊशे आरपीएम. कान जवळ नेल्याशिवाय आवाज कळेना. मी खूश होऊन मित्रांना फोटो पाठवले.

त्या रात्री दोन वाजता अडसर सरकला.

*

बाबा मागच्या पायरीवर बसले होते. बॅटरी बंद. मी शेजारी बसलो आणि शेवटी सांगून टाकलं. पंधरा दिवसांची यादी, बिल्ड, पंखे, सगळं. हे उपद्व्याप कशासाठी केले तेही.

ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं, वय झालं."

मी म्हटलं, "आता तर तो आवाज समुद्रापेक्षा कितीतरी बारीक आहे. समुद्राने नाही ना जाग येत तुम्हाला?"

"समुद्र आहे तिथेच असतो." मग जरा थांबून, "त्या दिवशी आवाज मोठा होता म्हणून नाही रे भीती वाटली. चढत होता म्हणून. वाटायचं, आता एवढाच, आता थांबेल. आणि आणखी चढायचा."

मी इंजिनिअर आहे. आठ दिवस मी डेसिबल मोजत होतो. बाबांचा कान आवाजाची उंची मोजत नव्हता, त्याचा उतार मोजत होता. खरं तर सगळ्यांचेच कान तसे असतात. छताच्या पंख्याची घरघर आपल्याला पाच मिनिटांत ऐकू येईनाशी होते आणि तो बंद पडला की जाग येते. कान बदलाकडे लक्ष ठेवतो, आणि बाबांच्या कानाला कोणत्या बदलाकडे लक्ष ठेवायचं ते त्या दोन तासांनी शिकवलं होतं. माझे पंखे साडेपाचशेवरून नऊशेवर जात होते. हळू, पण चढतच.

दुसऱ्या दिवशी बायोसमध्ये पंख्यांचा आलेख पुन्हा काढला. कारखान्यातून येतो तो आलेख जिन्यासारखा असतो: तापमान वाढलं की वेग वाढतो, एका सेकंदाच्या उसळीलाही. मी तो सपाट केला. पुढचे-मागचे पंखे एकाच वेगाने, सातशेवर. काम असो नसो, दिवस असो रात्र असो. प्रोसेसरवरच्या पंख्यालाही तसंच बांधलं, आणि वेग बदलायची वेळ आलीच तर तो सावकाश बदलेल अशी सोय केली. मशीन रिकामं असताना आता ते आधीपेक्षा किंचित जास्त आवाज करतं. कुठल्याही शांतताप्रेमीला हे पटणार नाही. भारावर प्रोसेसर ८२ पर्यंत जातो, तेही चालतं, त्याला धोका फार पुढे आहे. हे सगळं मला जमलं ते आधी वाट मोकळी केली होती म्हणून. काचेच्या कॅबिनेटमध्ये सातशेवर सपाट ठेवलं असतं तर प्रोसेसर भाजून निघाला असता.

पुढची काही रात्र-बिल्डं मी हेडफोन न लावता बसून काढली, आवाज ऐकण्यापेक्षा अडसर ऐकायला. पहिल्या आठवड्यात बाबा दोनदा उठले. त्यातलं एकदा पाण्यासाठी. दुसऱ्या आठवड्यात एकदा. मी पुढे यादी ठेवणं बंद केलं. ते अजूनही कधीकधी उठतात, आणि ते माझ्या कॅबिनेटच्या हातातलं नाही.

*

ऑक्टोबरात परतीचा पाऊस रेंगाळला होता. एका रात्री बिल्ड अर्ध्यावर होतं आणि मला काहीतरी वेगळं ऐकू आलं. लांबून, सुरूच्या बनातून, दळण सुरू व्हावं तसं. मी पंख्यांचा वेग पाहिला. सातशे. मग पत्र्यावर एक सुकी झावळी घासत गेली.

आधीच्या दिवसांत मला हे ऐकू आलंच नसतं. पंखे आणि वर हेडफोन, त्यांच्या आत मी.

मी उठून मागचं दार उघडलं. पोफळींची नवी रोपं आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत, ती एकाच बाजूला कलत होती. मागून बाबा आले, डोळे चोळत. या वेळी बॅटरी माझ्या हातात होती.

"वारा सुटला काय?"

"हो," मी म्हटलं. "या वेळी खरंच."

आम्ही ओटीवरचं सामान आत घेतलं, गुरांच्या पेंढ्यावरचं प्लास्टिक दोरीने बांधलं, अडसर नीट बसला आहे ना ते दोघांनी एकेकदा दाबून पाहिलं. अर्ध्या तासात सर पडली आणि वारा उतरला. आत जाताना बाबा पडवीच्या दारात थबकले.

"बंद केलंस काय ते?"

"नाही, चालू आहे."

त्यांनी मान तिरकी करून जरा वेळ कान दिला. मग "हं," म्हणाले आणि झोपायला गेले.